धारदार सुरी आणि अननुभवी हात

या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता अगदी किरकोळ वाटेल. घरातील चांगली धार लावलेली सुरी कोणी शेजाऱ्याने, पाहुण्याने अथवा एकाच बिऱ्हाडात राहणाऱ्या मित्राने मागितली. ती त्याला विश्वासाने दिली गेली. आणि भाजी चिरून होण्यापूर्वीच त्याने आपले बोट कापून घेतले. एवढीच ही घटना. वर्तमानपत्रात तिची नोंद होत नाही. परंतु ज्याच्या बोटाची शीर वा स्नायुबंध तुटतो त्याला पुढे कित्येक महिने लेखणी धरता येत नाही, आणि ज्याने सुरी दिली त्याच्या मनात ‘आपण काही सांगावयास हवे होते’ ही रुखरुख राहून जाते. हा अपघात टाळता येण्यासारखा असतो, म्हणूनच त्याची कारणे नीट तपासून पाहिली पाहिजेत.

बंगळूर शहराच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच स्पष्ट होतो. नोकरीसाठी व शिक्षणासाठी देशाच्या सर्व भागांतून येथे तरुण मंडळी येतात. चार अनोळखी माणसे एकत्र बिऱ्हाड करतात, आणि त्यांचे स्वयंपाकघर सामाईक असते. त्यांतील एखाद्याला स्वयंपाकाची आवड असते. तो जपानी बनावटीची, कठीण पोलादाची सुरी विकत आणतो आणि तिला नियमाने धार लावतो. बाकीच्या तिघांनी आयुष्यात बोथट चाकूच पाहिलेला असतो, किंवा कोणतेच हत्यार हाती धरलेले नसते. सुरी मात्र ओट्यावर सर्वांच्या हाताशी पडलेली असते.

धारदार पोलादाशी या प्रदेशाचे नाते जुने आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. १८०० साली फ्रान्सिस बुकानन याने म्हैसूरच्या मुलुखातून प्रवास केला. लहान मातीच्या मुशींत लोखंड आणि लाकूड एकत्र तापवून पोलाद कसे तयार करीत, याचे वर्णन त्याने आपल्या प्रवासवृत्तात केले आहे. युरोपात हे पोलाद ‘वुट्झ’ या नावाने प्रसिद्धीस आले. हा शब्द कन्नड भाषेतील ‘उक्कु’ या शब्दावरून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. लंडनमधील जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रकार या पोलादाचा चाहता होता, आणि एका लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडे याने १८१९ साली त्याचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. या पोलादात कार्बनचे प्रमाण शेकडा एकाहून अधिक असे. त्यामुळे ते कठीण होई आणि त्याची धार दीर्घकाळ टिके. आजच्या उत्तम सुरीमागेही हेच तत्त्व आहे: पोलाद जितके कठीण, तितकी धार अधिक पातळ ठेवता येते.

धार म्हणजे नेमके काय? हाताने लावलेला जोर ज्या क्षेत्रावर पसरतो ते क्षेत्र जितके लहान, तितका दाब मोठा. बोथट सुरीची कड गोलसर व रुंद असते. तिला पदार्थ चिरडून आत शिरावे लागते. धारदार सुरीची कड केसाच्या जाडीहूनही कितीतरी बारीक असते. ती अल्प जोरातच आत शिरते. यात आणखी एक गोष्ट आहे. सुरी केवळ खाली दाबण्याऐवजी पुढे-मागे सरकवली, तर मऊ पदार्थ पुष्कळच कमी जोरात कापला जातो. एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या सरकत्या कापण्याचा उलगडा केला आहे. माणसाच्या बोटाची त्वचा आणि तिच्याखालील मांस हेही मऊ पदार्थच आहेत. म्हणून धारदार पात्यावरून बोट नुसते ओझरते घसरले तरी जखम खोल होते.

येथे एक शंका उपस्थित होईल. बोथट सुरीच अधिक धोक्याची, असे स्वयंपाकी सांगतात. मग धारदार सुरीला दोष का द्यावा? स्वयंपाक्यांचे म्हणणे खरे आहे. बोथट सुरी टोमॅटोच्या सालीवरून अथवा कांद्यावरून घसरते, आणि मागे मोठा जोर असल्यामुळे ती ज्या दिशेने घसरते तेथे इजा करते. परंतु हे विधान ज्याला सुरी धरता येते त्याच्यापुरते पूर्ण आहे. अननुभवी माणसाचा हात बोथट चाकूच्या संगतीत घडलेला असतो. जोर लावल्यावाचून काही कापले जात नाही, अशी त्याची समजूत झालेली असते. तो आंबा तळहातावर धरून त्यावर सुरी दाबतो; पाते पुसताना कापड धारेवरून ओढतो; धार पाहण्यासाठी अंगठा धारेच्या लांबीने फिरवतो. बोथट चाकूने या सवयी इतकी वर्षे खपवून घेतल्या. धारदार सुरी त्या एका क्षणातही खपवून घेत नाही. सुरी तीक्ष्ण आणि सवयी जुन्या, या दोहोंच्या संयोगातून अपघात घडतो.

हत्याराचा अनुभव एका हत्यारावरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. मराठी घरांतील विळी आणि कन्नड घरांतील ईळिगे ही एकाच जातीची साधने. विळीचे पाते स्थिर असते. तिचा पाट पायाखाली दाबलेला असतो, आणि दोन्ही हातांनी धरलेली भाजी पात्याकडे नेली जाते. हात हलतो, धार हलत नाही. सुरीच्या बाबतीत हे उलटे होते: भाजी स्थिर राहते आणि धार हलते. चाळीस वर्षे विळीवर नारळ खवलेली, डोळे मिटून कोथिंबीर चिरणारी गृहिणी लांब पात्याच्या सुरीसमोर काही काळ नवशिकीच असते. भाजी धरलेल्या हाताची बोटे आत वळवून पेरांच्या आधाराने पाते चालवावयाचे, ही गोष्ट तिला विळीने कधी शिकवलेलीच नसते.

बंगळूरच्या रस्त्यावर दिसणारे उदाहरण शहाळेवाल्याचे. मंड्या जिल्ह्यातील मद्दूरच्या बाजारातून आलेली शहाळी हातगाडीवर रचलेली असतात. विक्रेता एक शहाळे डाव्या तळहातावर तोलतो आणि उजव्या हातातील जड कोयत्याने, ज्याला कन्नडमध्ये ‘मच्चु’ म्हणतात, तीन-चार घावांत त्याचे तोंड उघडतो. पाहणाऱ्याला हे अतिशय सोपे वाटते. वस्तुतः प्रत्येक घावाचा कोन आणि जोर असा असतो, की पाते सोडणातच थांबावे. हे मोजमाप त्याच्या मनगटात सहस्रावधी घावांनी उतरलेले असते. हौसेखातर कोणी त्याच्याकडे कोयता मागितला, तर तो बहुधा हसून नकार देतो. त्या नकारात मोठे शहाणपण आहे.

अपघात झाल्यावर बोटात काय घडते, ते थोडक्यात पाहू. अंगठा सोडून प्रत्येक बोटाच्या तळव्याकडील बाजूस त्याला वाकविणारे दोन स्नायुबंध असतात, आणि दोन्ही कडांनी एकेक मज्जातंतू व रक्तवाहिनी जाते. हे सर्व त्वचेखाली थोड्याच खोलीवर असते. पाते फार तीक्ष्ण असल्यास प्रथम वेदना जवळजवळ जाणवत नाही. रक्त दिसल्यावरच कापल्याचे कळते. जखम सरळ व लहान दिसते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु बोटाचे टोक वाकत नसेल, किंवा बोटाची एक कड बधिर झाली असेल, तर आतील स्नायुबंध अथवा मज्जातंतू तुटला आहे असे समजावे. तळहाताच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा भाग शस्त्रवैद्यांना इतका अवघड वाटे, की अमेरिकन हस्तशल्यविशारद स्टर्लिंग बनेल याने त्याला दोन सैन्यांमधील निर्मनुष्य भूमीची उपमा दिली होती. आज तेथेही तुटलेला स्नायुबंध जोडता येतो. मात्र त्यानंतर हाताला पूर्ण काम देण्यास सुमारे तीन महिने थांबावे लागते. तबला वाजविणाऱ्याला, शिंप्याला वा यंत्रावर बसणाऱ्या कामगाराला तीन महिने म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

हत्यार हाती देण्यापूर्वी हात तयार करावा, हा विचार भारतीय परंपरेत फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रांच्या धारेविषयी काटेकोर नियम आहेत. भेदनाच्या शस्त्राची धार मसुराएवढी, तर छेदनाच्या शस्त्राची धार अर्ध्या केसाएवढी असावी, असे तेथे सांगितले आहे. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड आणि ती टिकविण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी वापरावी, असेही म्हटले आहे. याच्या लगेच पुढचा अध्याय शिष्याच्या सरावाचा आहे. सर्व शास्त्र पढलेल्या शिष्यालाही छेदनाचा सराव आधी कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावयास सांगितले आहे. भेदनाचा सराव पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर. तीक्ष्ण शस्त्र आणि तयार हात यांची ही लगोलग केलेली मांडणी पुरेशी बोलकी आहे.

आधुनिक कारखान्यांनीही हाच धडा घेतला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तेविसाव्या कलमाने असे ठरविले होते, की धोकादायक यंत्रावर अल्पवयीन व्यक्तीला काम देण्यापूर्वी तिला त्यातील धोके व घ्यावयाची काळजी यांची पूर्ण माहिती दिली पाहिजे. शिवाय तिला पुरेसे शिक्षण मिळालेले असले पाहिजे, नाही तर जाणकाराची देखरेख तरी असली पाहिजे. बंगळूर हे १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्ससारख्या उद्योगाचे शहर. अशा कारखान्यांच्या हत्यारघरातून कापणारे हत्यार घेताना कामगार आपला पितळी बिल्ला तेथे ठेवी. हत्यार कोणाच्या हाती आहे हे त्यायोगे सदैव ज्ञात राही. घरात बिल्ल्याची गरज नाही. परंतु हत्यार देणाऱ्यावरही काही जबाबदारी असते, हे तत्त्व घरालाही तितकेच लागू आहे.

ही जबाबदारी पार पाडण्यास दोन-तीन मिनिटे पुरतात. सुरी देताना ‘ही फार धारदार आहे’ एवढे म्हणून थांबू नये. ऐकणाऱ्याच्या मनात ‘धारदार’ या शब्दाचा अर्थ त्याच्या जुन्या चाकूएवढाच असतो. त्याच्यासमोर एक पिकलेला टोमॅटो केवळ सुरीच्या वजनाने कापून दाखवावा, म्हणजे तो शब्दावाचून समजतो. नंतर त्याला स्वतःला एक काकडी चिरू द्यावी आणि त्याची बोटे कोठे आहेत ते पाहावे. पदार्थ पाटावर ठेवून कापावा, तळहातावर नव्हे. पाटाखाली ओले फडके घालावे, म्हणजे तो सरकत नाही. सुरी हातातून निसटली तर पकडावयास जाऊ नये. हात वर करून मागे सरावे. साबणाच्या पाण्यात, भांड्यांच्या ढिगाखाली ती टाकू नये. सुरी हातातून हातात देऊ नये, खाली ठेवावी, म्हणजे घेणारा ती उचलील, ही घराघरांतील जुनी रीत भांडणाच्या भीतीने सांगितली जात असली तरी तिच्यामागील व्यवहार अगदी शुद्ध आहे. आणि एवढी सवड नसेल तर सुरी देण्याऐवजी भाजी आपणच चिरून द्यावी. त्यात कोणाचाही अपमान होत नाही.

इतके करूनही बोट कापलेच, तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवावी, स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सतत दाबून धरावी आणि हात उंच ठेवावा. दक्षिणेत कॉफीची पूड आणि महाराष्ट्रात हळद जखमेत भरण्याची चाल आहे. ती टाळावी, कारण त्यामुळे वैद्याला जखमेचा तळ दिसत नाही. धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. बोटाचा तुकडाच तुटला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तुकड्याला बर्फाचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ देऊ नये. जपानमध्ये १९६५ साली कोमात्सु आणि तामाई या शस्त्रवैद्यांनी पूर्ण तुटलेला अंगठा यशस्वीपणे जोडला, तेव्हापासून असा तुकडा फेकून देण्याची वस्तू राहिलेली नाही.

नवरात्रीच्या नवव्या दिवशी बंगळूरमध्ये आयुधपूजा होते. महाराष्ट्रात तीच खंडेनवमी. सुताराचा रंधा, गवंड्याची थापी, कारखान्यातील यंत्र आणि स्वयंपाकघरातील विळी-सुरी स्वच्छ करून त्यांना हळदकुंकू वाहतात, आणि त्या दिवसापुरती त्यांना विश्रांती देतात. घरातील लहान मुले व नवी माणसे त्या वेळी सभोवती जमलेली असतात. हत्यार हाताळण्याचे पहिले पाठ देण्यास याहून सोयीचा दिवस नाही. पूजा झाल्यावर घरातील जाणत्याने प्रत्येक हत्याराचे नाव, त्याचे काम आणि ते कसे धरावयाचे हे मुलांना दाखवावे. दुसऱ्या दिवशी हत्यारे पुन्हा कामाला लागतील, तेव्हा एक काकडी आणि एक सुरी त्यांच्या हाती देऊन स्वतः शेजारी बसावे.