एका वायसरचा भरवसा



झुरळे मारण्याच्या फवाऱ्याची कळ आपण रोज दाबतो. आम्ही यंत्रापाशी शिकलेली माणसे. तेव्हा ती उघडूनच पाहू.

डब्यात औषध असते आणि दाबाने द्रवरूप झालेला वायू. तोंडावरच्या पत्र्याच्या वाटीत झडपेची कोठी बसविलेली. कोठीत स्प्रिंग, स्प्रिंगवर पोकळ दांडी. दांडीच्या अंगाला बारीक भोक असते, ते रबरी वायसर बुजवून धरतो. कळ दाबली की दांडी खाली सरते, भोक मोकळे होते आणि वायूचा दाब तळापर्यंतच्या नळीतून औषध वर रेटतो. बाहेर येताच वायू उकळतो, औषधाचे तुषार होतात. बोट उचलले की स्प्रिंग दांडीला पुन्हा वर ढकलते, भोक बंद!

पूर्वी या कामी फ्रिऑन वापरीत. तो ओझोनच्या थराला घातक ठरला व १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हटला. आता बहुतेक डब्यांत ब्युटेन-प्रोपेन, म्हणजे आपल्या शेगडीचाच वायू असतो. त्याला अडवून धरतो तो एवढासा वायसर! म्हणून विस्तवाजवळ फवारू नका. रिकामा डबाही जाळू नका.

कारखान्यात भरलेले डबे ऊन पाण्यात बुडवून बुडबुडा निघतो का, हे पाहण्याची रीत आहे. ते पाहणाऱ्या कामगारामागे घाईचा तगादा लावला, तर धोका त्याच्या एकट्याच्या नव्हे, आपल्या सर्वांच्या घरात शिरतो.