पाण्यातले आकाश

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात आरोग्य, शिवण, बचत असे काही उपयोगाचे ऐकावयास मिळावे, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. पण चिटणीसबाईंनी मला बजावले, “तुम्ही रात्री-अपरात्री तिपाई घेऊन तळ्यावर काय करता, तेवढेच सांगा. सगळ्या विचारतात.” तेव्हा तेच सांगते. रात्रीच्या आकाशाचे आणि पाण्यातल्या त्याच्या प्रतिबिंबाचे मी फोटो घेते. शेवटी तळ्याच्या वाटेवर येणाऱ्या दिव्याविषयीही बोलणार आहे. तो विषय तरी उपयोगाचा आहे, असे आपण म्हणाल.

कोजागिरीला आपण दुधात चंद्र पाहतो. चंद्राला उजेड भरपूर, त्यामुळे भांड्यातही तो चटकन सापडतो. चांदण्यांचे तसे नाही. त्यांचा उजेड इतका थोडा की कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तो उघडा ठेवला की दुसरी अडचण उभी राहते. पृथ्वी थांबत नाही. ती तासाला पंधरा अंश फिरते. पौर्णिमेचा चंद्र जेवढा रुंद दिसतो तेवढे अंतर आकाशाच्या मध्यपट्ट्यातली चांदणी दोन मिनिटांत ओलांडते. साध्या रुंद भिंगाने पंधरा-वीस सेकंदांपर्यंत चांदणी ठिपक्यासारखी येते. पुढे ती ताणू लागते आणि फोटोत तांदळाचा दाणा उमटतो.

माझी आजी सप्तर्षींना ‘बाज’ म्हणे. अंगणात निजलो असताना ती सांगे, “बाज बघ, मघाशी कुठे होती नि आता कुठे गेली.” ती बाज ज्याच्याभोवती फिरते तो ध्रुव. आपल्या डहाणू तालुक्यातून तो क्षितिजापासून सुमारे वीस अंश वर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंशांची; म्हणजे क्षितिजावर दोन मुठी ठेवल्या की ध्रुव आला. मुंबईला तो जरासा खाली, काश्मिरात बराच वर. जेवढा गावाचा अक्षांश तेवढी ध्रुवाची उंची, हा हिशेब शाळेतल्या मुलींना फार आवडतो.

आता पृथ्वी जेवढी फिरते तेवढाच कॅमेरा उलटा फिरवला, तर चांदणी जागच्या जागी राहील. यासाठी विकत मिळणारे यंत्र आहे, त्याला ट्रॅकर म्हणतात. पण त्याच्यामागची युक्ती सुताराकडच्या दोन फळ्यांतही साधते. दोन फळ्या एका बाजूने बिजागरीने जोडायच्या आणि बिजागरीचा दांडा नेमका ध्रुवाकडे रोखायचा. खालची फळी तिपाईवर पक्की बसवायची, वरच्या फळीवर कॅमेरा. बिजागरीपासून २२९ मिलिमीटरवर सहा मिलिमीटर जाडीचा एक स्क्रू. या स्क्रूचे आटे असे असतात की एका फेऱ्यात तो एक मिलिमीटर सरकतो. मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी आकाशाच्या चालीने उघडत जाते. २२९ हा आकडा कोणी मनाने ठरवलेला नाही. पृथ्वी स्वतःभोवतीचा फेरा २४ तासांत नव्हे, २३ तास ५६ मिनिटांत पुरा करते. म्हणजे १४३६ मिनिटांत. मिनिटाला एक मिलिमीटर या चालीने १४३६ मिलिमीटर परिघाचे वर्तुळ आखले, तर त्याची त्रिज्या तेवढीच निघते. स्क्रू फिरवण्यासाठी लहानशी मोटर लावतात. हातानेही फिरवता येतो. घड्याळाकडे पाहत, पोळी लाटताना हात जसा एकसारखा फिरतो तसा. मी पहिला फोटो हातानेच फिरवून घेतला आणि तो बरा आला.

आपल्याकडे आकाशाचे फोटो घेण्याची गोष्ट काही कालची नव्हे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीच्या आधाराने महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. ती कावसजी दादाभाई नेगमवाला या पारशी प्राध्यापकांनी चालवली. तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण आपल्या प्रांतातून दिसले, तेव्हा नेगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून होते, आणि लॉकियर हे विलायतेचे शास्त्रज्ञ कोकणात विजयदुर्गावर. १९१२ साली पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे पुण्यातच १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. आकाश पाहणाऱ्या हौशी लोकांची ती देशातली सर्वांत जुनी संस्था मानतात. आणि २००६ पासून पुणे जिल्ह्यात गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. यंत्रे लहान असोत की मोठी, पृथ्वीच्या फिरण्याशी झुंज सगळ्यांना सारखीच.

हे झाले वरच्या आकाशाचे. पाण्यातले आकाश हे प्रकरण निराळे आहे, आणि मला त्याचाच नाद लागला आहे.

ट्रॅकर लावून तळ्याचा फोटो घेतला तर वरच्या चांदण्या टाचणीच्या टोकासारख्या येतात. पाण्यातल्या मात्र दुप्पट ताणलेल्या. याचे कारण जमिनीवर आरसा ठेवून पाहिल्यास ध्यानात येईल. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले की ध्रुवाभोवती चांदण्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. पाण्यात क्षितिजाखाली वीस अंशांवर एक दुसरा ध्रुव दिसतो, आणि त्याच्याभोवती चांदण्या काट्यांच्या दिशेने फिरतात. वर एक फेर आणि खाली त्याच्या उलट फेर. एका फळीने दोन्ही साधणार कसे?

यावरचा उपाय मला फार गोड वाटतो. पाण्यातला ध्रुव उत्तरेला वीस अंश खाली. तिथून एक दोरी आपल्या हातात आणली आणि तशीच सरळ मागे ताणली, तर ती आपल्या पाठीमागे दक्षिणेला वीस अंश वर जाईल. म्हणजे बिजागरीचा दांडा तिकडे रोखला पाहिजे. आणि त्या टोकाकडे पाहिले तर पाण्यातल्या चांदण्यांचा फेर पुन्हा काट्यांच्या उलट, म्हणजे वरच्यासारखाच! तेव्हा मोटरची दिशा बदलायला नको, चाल बदलायला नको. अख्खा ट्रॅकर तिपाईवर अर्धा फेरा वळवायचा, ध्रुवाकडचे तोंड दक्षिणेला करायचे, कॅमेरा मात्र पूर्वी होता तसाच पाण्याकडे ठेवायचा. की पाण्यातल्या चांदण्या स्थिर झाल्या. तिपाईची बैठक पाणसळीने सपाट केलेली हवी आणि अर्धा फेरा नेमका अर्धा हवा. मी बैठकीवर दोन खुणा कोरून घेतल्या आहेत. मग एक फोटो आकाशाचा, एक पाण्याचा, आणि काठ व झाडे यांच्यासाठी ट्रॅकर बंद करून तिसरा. तिन्ही नंतर संगणकावर एकत्र करायचे.

पाणी मात्र अगदी निपचित हवे. वाऱ्याची एक झुळूक आली की चांदणी लांब दोऱ्यासारखी होते. हिवाळ्यात वारा पडल्यावर आपले तळे बरे असते. समुद्र कधी स्थिर नसतो, पण ओहोटीनंतर बोर्डी-नरपडच्या सपाट किनाऱ्यावर ओल्या वाळूचा आरसा होतो. २०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू तिन्हीसांजेनंतर पश्चिमेला दिसत होता, तेव्हा मी त्या वाळूवर उभी होते. शेपूट पाण्यात आले नाही. डोके आले, अंधुकसे.

ते अंधुक का आले, त्याचीच आता गोष्ट. तळ्याच्या काठी उभे राहून पायाशी पाहिले तर पाण्याचा तळ दिसतो आणि दूर पाहिले तर झाडे व आकाश दिसते. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. सरळ वरून येणाऱ्या उजेडाच्या शंभर भागांपैकी पाणी दोनच भाग परत करते, बाकीचे पिऊन टाकते. तीस अंशांवरच्या चांदणीचे सहा भाग परत येतात, वीस अंशांवरच्या ध्रुवाचे तेरा, आणि दहा अंशांवर टेकलेल्या चांदणीचे जवळजवळ चाळीस. जी चांदणी वर मानाने बसलेली, तिला पाण्यात मान कमी.

फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री पावणेदहाच्या सुमारास दक्षिणेकडे पाहा. वर उंच, पन्नासहून अधिक अंशांवर व्याध. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याच्या खाली, क्षितिजापासून अवघ्या सतरा अंशांवर अगस्त्य; तेजात दुसरा, पण व्याधाच्या निम्मा. लंडनच्या लोकांना अगस्त्य कधीच दिसत नाही. आपल्याला घरबसल्या दिसतो. आता तळ्यात पाहा. व्याधाचे शंभरातले दोन-अडीचच भाग परत येतात, अगस्त्याचे सतराच्या आसपास. पाण्यात अगस्त्य व्याधावर मात करतो! मी हे आकडे आधी कागदावर मांडले होते, पण डोळ्यांनी पाहिले तेव्हा पाड्यावरच्या मावशी सोबतीला होत्या. त्यांना मी काही सांगितले नव्हते. त्या वाकून म्हणाल्या, “खालचा मोठा कसा गं? वरती तर तो बारका आहे.” एवढी चांगली परीक्षा माझ्या वर्गातही कोणी दिलेली नाही.

हल्ली पुष्कळ फोटोंत वरचे आकाश उलटे करून खाली चिकटवलेले असते. पाहणारा ‘वा’ म्हणतो. तीन फोटो जोडण्यात मला गैर वाटत नाही, कारण तिन्ही त्याच जागी, त्याच रात्री घेतलेले असतात. पण चिकटवलेल्या पाण्यात व्याध वरच्या हिशेबाने मोठाच राहतो, आणि तिथे लबाडी उघडी पडते. पुढच्या वेळी असा फोटो पाहाल तेव्हा डोक्यावरची चांदणी आणि क्षितिजाजवळची चांदणी पाण्यात कशा दिसतात, एवढे ताडून पाहा.

आता दिव्याकडे येते. पाण्यात चांगल्या दिसतात त्या क्षितिजाजवळच्या चांदण्या, आणि गावांचा-कारखान्यांचा उजेडही क्षितिजाजवळच साचतो. दक्षिणेला बोईसर-तारापूरची झाक आहे, उत्तरेला उंबरगाव-वापीची. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने आपला तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरला आणि कारखान्यांना आळा बसला. अंधार त्यात मागाहून आपोआप वाचला, कोणी मुद्दाम वाचवला नाही. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. ते उभे राहिले की त्याचे दिवे रात्रभर जळणार. म्हणजे डोक्यावरचा व्याध राहील, पण पाण्यातला अगस्त्य आधी जाईल. बंदराचे काय व्हावे हे ठरवणे माझ्या हाती नाही, आणि त्यावर या घरोघरी दोन मते आहेत हे मी जाणते.

पण तळ्याच्या वाटेवरचा दिवा आपल्या हाती आहे. तो मागणारा अर्ज आपल्याच मंडळाचा. एका भगिनीने मला तोंडावर विचारले, “तुमच्या फोटोंसाठी आम्ही अंधारात चाचपडायचे काय?” मुळीच नाही. मुली शिकवणीहून त्या वाटेने येतात, पावसाळ्यात तिथे साप असतो; दिवा हवाच, आणि अर्जावर माझी सही आहे. माझे म्हणणे एवढेच की तो उघडा नसावा. उघडा दिवा डोळ्यांत शिरतो. त्याच्या पलीकडे कोण उभे आहे ते दिसत नाही, आणि निम्मा उजेड झाडांच्या शेंड्यांना व आभाळाला जातो. त्यावर पत्र्याची टोपी बसवली, दिव्याचे तोंड सरळ जमिनीकडे केले आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा घेतला, तर वाट अधिक स्वच्छ दिसते आणि तळे काळोखात राहते. टोपीचा खर्च पत्र्याच्या एका तुकड्याचा. अर्जात ही एक ओळ वाढवावी, असा ठराव मी आज मांडते. अनुमोदन कोणी देते का, ते अध्यक्षबाईंनी पाहावे.

आणि एक सूचना. कोजागिरी चांदण्यांच्या कामाची नाही. चंद्र सगळ्यांना झाकून टाकतो. महाशिवरात्र मात्र आपल्या कामाची, कारण त्या रात्री चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही आणि आपण उपासाने जाग्या असतोच. तेव्हा येत्या शिवरात्रीला ज्यांना अगस्त्य पाण्यात पाहायचा असेल त्यांनी फराळ आटोपून आठ वाजता तळ्यावर यावे. बॅटरीला लाल कागद गुंडाळून आणावा, मुलांचे हात धरून ठेवावे, आणि पाण्यात खडे कोणी टाकू नयेत.