डेल्कोतली ठिणगी



वसंतातल्या या उकाड्यात तुम्ही संतसाहित्य किंवा अर्थसंकल्प ऐकायच्या तयारीनं आला असाल, तर क्षमा करा. आज मी एका जुन्या फियाटचं बॉनेट उघडणार आहे. घरी पद्मिनी होती त्यांनी हात वर करा, असंही म्हणत नाही. उगाच वयं उघडी पडतील.

वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट १९६४ पासून बनू लागली आणि तीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. आता उरल्या त्या हौसेच्या गाड्या. या हौशी मालकांचा मला नेहमी एकच प्रश्न असतो : पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू का?

आधी आत काय चालतं ते पाहू. प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला गॅरेजमध्ये त्या नावानं फारसं कुणी ओळखत नाही, ‘डेल्को’ म्हणतात. हा शब्द आला अमेरिकेतल्या डेटन शहरातून. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये तिथं काढलेल्या कंपनीच्या नावाचं ते लघुरूप. आपला मिस्त्री रोज त्या दोघांचं स्मरण करतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो!

केटरिंगची युक्ती अशी. बॅटरीचा करंट कॉइलमधून निघतो आणि मिटलेल्या पॉइंटांतून, म्हणजे एकमेकांना टेकलेल्या धातूच्या दोन टोकांतून, बॉडीला जातो. तेवढ्या वेळात कॉइल चुंबक होऊन बसते. मग डेल्कोतला फिरता कॅम पॉइंट उघडतो, करंट तुटतो, चुंबकत्व एकदम कोसळतं आणि बारा व्होल्टच्या जागी वीसेक हजार व्होल्ट प्लगकडे धावतात. म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडते ती पॉइंट सुटताना, मिटताना नव्हे. शेजारचा तो डबीसारखा कंडेन्सर सुटण्याच्या क्षणी करंट स्वतःत घेतो, म्हणून पॉइंटांमध्ये जाळ होत नाही. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरच्या गाडीत हा खेळ सेकंदाला १३३ वेळा होतो.

इतक्या वेळा आपटणारी वस्तू झिजणारच. पॉइंटाची फायबरची टाच कॅमवर घासते, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. गाडी चढावर दमते, पेट्रोल जास्त खाते. मालकाला वाटतं, इंजिन म्हातारं झालं. प्रत्यक्षात पाव मिलिमीटरचा प्रश्न असतो! फिलर गेजची पाती घालून अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरची फट लावली आणि कॅमला ग्रीसचं बोट लावलं की तीच म्हातारी पुन्हा चालायला लागते.

इलेक्ट्रॉनिक किटमध्ये घासणारं काही नाही. कॅमवर चार चुंबकांचं एक कडं बसतं, प्लेटवर एक छोटं मॉड्यूल. एडविन हॉलनं १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर ते चालतं : चुंबक जवळून गेला की मॉड्यूलला कळतं आणि ते करंट तोडतं. टायमिंग पुढं नेणारी आतली वजनं तशीच राहतात. दोन वायरी, दोन स्क्रू, तासाभराचं काम.

मग ताकद वाढते का? माझं मत स्पष्ट आहे : नीट लावलेल्या ताज्या पॉइंटांपेक्षा फारशी नाही. तुम्ही पैसे देता ते सेटिंग ढळू नये म्हणून. आणि हल्ली मिळणाऱ्या कंडेन्सरांचा दर्जा पाहता तेवढ्यासाठीसुद्धा किट बसवावं, असं मी सांगतो. डेल्कोची दांडी बुशात डुगडुगत असेल तर आधी बुश करा. कॉइलचा रोध मल्टिमीटरनं मोजा. तो किटवाल्यानं सांगितल्यापेक्षा कमी भरला तर मॉड्यूल जळेल. प्लगच्या वायरी नुसत्या तांब्याच्या असतील तर बदला, कारण त्यांच्या गोंगाटानं मॉड्यूल गोंधळतं. आणि बसवल्यावर स्ट्रोब लाइटनं टायमिंग पुन्हा लावाच. ठिणगीची जागा सरकलेली असते.

आता माझी फजिती. खंडाळ्याच्या घाटात गाडी कडेला लावून, इंजिन बंद करून, किल्ली मात्र ‘ऑन’ ठेवून मी क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत बसलो. सामना जिंकला, मॉड्यूल गेलं. दोष माझाच : इंजिन थांबलेलं असताना कॉइलमधून करंट वाहत राहिला आणि बिचारं तापून मेलं. पॉइंट आधी कुरकुरतात, मिस मारतात, आठवडाभर सूचना देतात. मॉड्यूल न बोलता जातं आणि त्याला पॉलिश पेपर मारून जागं करता येत नाही. सौ. गाडीत होत्या, त्यांनी टॉर्च धरला आणि त्या वेळी जे बोलल्या ते या व्यासपीठावर सांगण्यासारखं नाही. चुंबकाचं कडं काढलं, जुने पॉइंट बसवले, फट व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीनं अंदाजे लावली आणि पुण्याला आलो.

तेव्हा किट जरूर बसवा. पण काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर भंगारात देऊ नका. फडक्यात गुंडाळून, एका स्क्रूड्रायव्हरसह डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.