हाताने पाहायची तब्येत

(मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी राज्य सरकारच्या पशुपालन खात्यात नोकरी करतो. पशुवैद्यकाची पदवी माझ्याकडे नाही, डिप्लोमा आहे. त्यामुळे आज जे सांगणार ते औषधपाण्याचे नाही, जनावर नीट पाहावे कसे एवढ्यापुरतेच आहे. माझा रोजचा संबंध गाई-म्हशींशी. पण घडियाळी पोळात राहिलेली आपली कितीतरी कुटुंबे आता शहराच्या नव्या भागांत फ्लॅटमध्ये गेली, तिथे घरोघरी कुत्री आली, आणि सणावारी भेटलो की विषय निघतोच. प्रश्न ठरलेला असतो : ‘आमच्याचं वजन बरोबर आहे ना?’

आपल्याकडे दोन वाक्ये फार ऐकू येतात. सडपातळ कुत्रे दिसले की ओटल्यावरून कोणीतरी म्हणते, ‘अरेरे, याला खायला घालत नाहीत वाटतं.’ आणि गोल गरगरीत लॅब्रेडॉर दिसला की, ‘वा, काय तब्येत आहे! खात्यापित्या घरचा दिसतो.’ गुजराती शेजारी म्हणतात, ‘खाधेपीधे सुखी.’ पहिल्या वाक्याने मालकाला उगाच लाज वाटते. दुसऱ्याने कुत्र्याचे आयुष्य कमी होते. हे मी पदरचे सांगत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांवर जन्मभर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या केल्या. जोडीतल्या एकाला जेवढे खायला मिळे, त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला. खाणे तेच, फक्त मोजून. भरपूर खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ११.२ वर्षे निघाले, कमी खाणाऱ्यांचे १३. जवळजवळ दोन वर्षांचा फरक. सांधेदुखीही दुसऱ्या गटात बरीच उशिरा आली. आणि भरपूर खाणारी कुत्री काही ढोली नव्हती. आपण ज्यांना ‘छान भरलेला’ म्हणतो तशीच होती.

मग ठरवायचे कसे? काटा एकटा पुरत नाही. एकाच जातीचे दोन नर, एक हाडापेराने मोठा, एक लहान. दोघेही तीस किलो भरले तर एक सडसडीत असेल आणि दुसरा लठ्ठ. आमच्या खात्यात गाईची अंगस्थिती एक ते पाच गुणांत मोजतात, शेपटीच्या मुळाशी आणि माकडहाडाच्या बाजूला किती भर आहे ते पाहून. कुत्र्यासाठी एक ते नऊ अशी मोजणी आहे. एक म्हणजे नुसता सापळा, नऊ म्हणजे अति लठ्ठ. चार-पाच चांगले.

गुण देण्यासाठी तीन गोष्टी करायच्या. कुत्रे उभे असताना वरून पाहायचे : बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूने पाहायचे : छातीपासून पोटाची रेघ मागे वर चढत गेली पाहिजे, सरळ किंवा लोंबती नको. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, दोन्ही हातांचे तळवे बरगड्यांवर हलके फिरवायचे. केसाळ कुत्र्यात पहिल्या दोन गोष्टी फसवतात. पॉमेरेनियनची कंबर कोणाला दिसली आहे? हात मात्र फसत नाही.

हातांना काय लागायला हवे, हे तुमच्या स्वतःच्या हातावर कळते. आता सगळ्यांनी करून पाहा. मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताची बोटे मुठीच्या गाठींवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रे बारीक आहे. आता हात पालथा सपाट धरा आणि बोटांच्या मागची हाडे चाचपा. पातळ आवरणाखाली हाडे सहज लागतात ना? हे योग्य. आता उताणा करा आणि तळव्याच्या गादीवर दाबा. हाड शोधण्यासाठी असा जोर लावावा लागला, तर खाणे कमी करायची वेळ आली.

आता कारवानीबद्दल थोडे जास्त बोलतो, कारण तो आपला आहे. मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या सीमेवर ज्याला कारवानी म्हणतात, त्यालाच मुधोळच्या बाजूला मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळचे संस्थानिक मराठा घोरपडे घराण्याचे. राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि या कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली. २००५ साली टपाल खात्याने या जातीचे तिकीट काढले. २०१६ मध्ये भारतीय सैन्याने याची पिल्ले मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. उंच, लांब पायांचा, खोल छातीचा, डोळ्यांनी सावज हेरून धावणारा कुत्रा. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे डोळ्यांना दिसतात, पोट अगदी आत गेलेले असते, आणि तो पूर्ण निरोगी असतो. लॅब्रेडॉरचा चष्मा लावून त्याच्याकडे पाहिले तर तो उपाशीच वाटणार. दयेपोटी त्याला तूप-पोळी चारून ‘भरवला’, तर ज्या कामासाठी तो घडला तेच त्याला जमेनासे होते.

मग कारवानी खरोखरच वाळला आहे हे कसे ओळखायचे? स्नायूंवरून. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि मांडीवर हात फिरवा. तिथे मांस घट्ट असेल तर दिसणाऱ्या बरगड्यांची काळजी नको. कण्याची टोके टोचत असतील, मांडी आत बसली असेल, डोक्यावर कानशिलांच्या वर खळगे पडले असतील, तर ते सडपातळपण नव्हे. जंत, गोचीडताप, दातांचे दुखणे, मूत्रपिंड, काहीही असू शकते, डॉक्टरांकडे न्या. म्हाताऱ्या कुत्र्यात एक फसवा प्रकार होतो. पोटावर चरबी चढते आणि पाठीचे मांस झडते. काट्यावर आकडा तोच राहतो, म्हणून घरच्यांना वाटते सारे ठीक आहे.

कामाच्या कुत्र्यांच्या बाबतीत माणसे या गोष्टीला फार जपतात. विलायतेत ग्रेहाउंडच्या शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचे वजन होते, आणि मागच्या शर्यतीपेक्षा एक किलोहून अधिक फरक असेल तर त्याला धावू देत नाहीत. पोलिसांच्या श्वानपथकातला लॅब्रेडॉर आणि आपल्या सोफ्यावरचा लॅब्रेडॉर शेजारी उभे केले, तर जात एकच आहे हे सांगावे लागेल.

प्रदर्शनाची गोष्ट उलटी. तिथे भरलेले अंग आणि चकाकणारी कातडी परीक्षकांच्या डोळ्यांत भरते. बर्मिंगहॅमला भरणाऱ्या ‘क्रफ्ट्स’ या मोठ्या प्रदर्शनात क्रमांक मिळवलेल्या ११२० कुत्र्यांची छायाचित्रे लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले : सव्वीस टक्के कुत्री प्रमाणापेक्षा जाड. पगमध्ये ऐंशी टक्के, लॅब्रेडॉरमध्ये त्रेसष्ट. बक्षीस मिळालेला कुत्रा पाहूनच लोक घरचा कुत्रा कसा असावा हे ठरवतात, म्हणून ही गोष्ट मला खटकते. आपल्या शहरातही असे कार्यक्रम होतात. रिबिनीवर जाऊ नका, बरगडीवर हात ठेवा.

लॅब्रेडॉरच्या बाजूनेही एक सांगायला हवे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या अभ्यासकांना आढळले की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रेडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्याला भूक जास्त लागते. तेव्हा ‘तो मागतो म्हणून देतो’ या सबबीला अर्थ नाही. तो मागतच राहणार. नसबंदीनंतर गरज आणखी घटते, पण वाटी तीच राहते.

हिशोब सोपा आहे. पंचवीस किलोच्या, नसबंदी झालेल्या आणि सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण साडेबाराशे कॅलरी पुरतात. एक ग्लुकोज बिस्कीट वीस-पंचवीस कॅलरीचे. सकाळच्या चहाबरोबर आजोबा दोन देतात, सून दोन, नातू तीन, आणि कामवाल्या बाई जाता जाता एक. आठ झाली. जेवणाचा सातवा भाग बिस्किटांत गेला, आणि तरी घरात प्रत्येकजण म्हणतो, ‘मी फक्त एक-दोनच दिली.’ उपाय असा की दिवसाची बिस्किटे सकाळीच एका डब्यात मोजून ठेवायची. डबा रिकामा झाला की संपले.

वजन घटवायचे ते हळूहळू, आठवड्याला शरीराच्या एक ते दोन टक्के. लहान कुत्र्याला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा. मोठ्यासाठी दवाखान्यातला काटा आहेच. एक गृहस्थ तर ओळखीच्या व्यापाऱ्याकडे हाथीखान्यात धान्याच्या काट्यावर कुत्रा उभा करतात, आणि आकडा बरोबर येतो. महिन्यातून एकदा पुरे. वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात जाड कुत्र्याला दुपारी बाहेर काढू नका. चरबी अंगातली उष्णता बाहेर पडू देत नाही, आणि उष्माघात तासाभरात जीव घेऊ शकतो.

भाषणानंतर एका काकूंनी विचारले, ‘मग बाप्पाचा प्रसादही द्यायचा नाही का?’ नारळाचा छोटा तुकडा चालेल. पेढा-मोदक टाळा, आणि खिरापतीत बेदाणे-मनुका असतील तर अजिबात नको; त्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, थोड्या प्रमाणातही. घरात लहान मुले असतील तर आरतीनंतर खिरापतीची वाटी उंचावर ठेवा. चुकून खाल्लेच तर उलटी होण्याची वाट पाहत बसू नका, त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा.