टाकीच्या खांद्यावरची अक्षरे



अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतील काही मुले पेंटबॉल नावाच्या ज्या खेळात रंगून जातात, तो १९८१ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर गावच्या रानात प्रथम खेळला गेला, आणि त्या दिवशी वापरलेली नेलस्पॉट पिस्तुले मूळची वनखात्यातील माणसांनी झाडांवर रंगाची खूण करावी म्हणून निर्माण झालेली होती. त्या काळी गोळी फेकण्याचे काम बारा ग्रॅमच्या इवल्या नळीत कोंडलेला कार्बन डाय-ऑक्साइड करी. आता ते बहुतांशी साध्या हवेकडे आले आहे. मात्र ही हवा चौरस इंचास ३,००० किंवा ४,५०० पौंड इतक्या दाबाने बाटलीत भरावी लागते, आणि मोटारीच्या चाकात हवा भरणाऱ्या पंपाचे ते काम नव्हे. खेळाच्या मैदानावर ती भरून मिळते. परंतु ज्यांचे मैदान दूर आहे आणि घरामागे मोकळी जागा विपुल आहे, त्यांच्या मनात केव्हा ना केव्हा येतेच की पाणबुड्यांची एखादी जुनी टाकी पदरात पाडून घ्यावी, ती डाइव्ह शॉपमधून भरून आणावी आणि तिच्यातून पोराच्या बाटल्या घरीच भराव्यात. विचार गैर नाही. पण असा सौदा करणारे गृहस्थ आधी किंमत विचारतात आणि टाकी मागाहून पाहतात, हा क्रम मला उफराटा वाटतो.

हिशेबाचा भाग आधी उरकतो. बाजारात बहुधा जी ॲल्युमिनियमची टाकी मिळते तिला ‘ऐंशी’ म्हणतात. ३,००० पौंड दाबाला तिच्यात सुमारे ७७ घनफूट हवा मावते आणि तिच्या पोटाचे आकारमान सुमारे ११ लिटर असते. पेंटबॉलची ४८ घनइंची बाटली पाऊण लिटरहून किंचित मोठी. दोहोंची जोडणी झाली की दाब समसमान होईपर्यंत हवा वाहते आणि तेथेच थांबते. म्हणून रिकाम्या बाटलीला पहिल्या खेपेस साधारण २,८०० पौंड दाब मिळतो, दुसऱ्या खेपेस २,६००, आणि दर वेळी बाटली पुरती रिकामी करून आणली तर दहाव्या भरणीस जेमतेम १,५००. टाकीत हवा असते, पण उपयोगाचा दाब उरत नाही. ज्याची बाटली ४,५०० पौंडांची आहे त्याला तर या टाकीतून ३,००० च्या वर कधीच काही लाभावयाचे नाही, आणि ही गोष्ट विकणारा आपण होऊन क्वचितच सांगतो.

आता टाकीकडे वळू. तिच्या मानेखालच्या उतारावर, ज्याला खांदा म्हणतात तेथे, धातूत ठोकलेली अक्षरे असतात. तोच तिचा दस्तऐवज आणि तोच तिचा दाखला. रंगाखाली ती बुजली असतील तर बोट फिरवून, ओला फडका चोळून, विजेरीचा प्रकाश आडवा पाडून ती वाचावीत. आरंभी अमेरिकेच्या परिवहन खात्याची डी.ओ.टी. ही आद्याक्षरे, मग ॲल्युमिनियमसाठी ‘३ ए एल’ किंवा पोलादासाठी ‘३ ए ए’, मग मंजूर दाब, अनुक्रमांक, कारखानदाराची खूण, आणि शेवटी चाचणीचा महिना व साल. चाचणी दर पाच वर्षांनी व्हावी असा सरकारी दंडक आहे. पाण्याने वेढलेल्या पात्रात टाकी ठेवून ३,००० ची असेल तर ५,००० पौंडांपर्यंत तिच्यावर दाब चढवितात, आणि दाब उतरल्यावर जी फूग कायम राहते ती एकूण फुगीच्या दहा टक्क्यांहून अधिक भरली तर टाकी बाद. मुदत टळलेली टाकी कोणतेही जबाबदार दुकान भरून देत नाही. याखेरीज वर्षाकाठी आतून डोळ्यांनी तपासणी करून स्टिकर लावण्याचा रिवाज आहे. तो सरकारी कायदा नव्हे, परंतु दुकानदार तो कायद्याहून कडकपणे पाळतात. ‘आतून अगदी स्वच्छ आहे हो’ या विकणाऱ्याच्या ग्वाहीला तेथे कवडीची किंमत नाही.

साल मी एका वेगळ्या कारणासाठीही वाचावयास सांगतो. जुन्या ॲल्युमिनियमच्या टाक्यांपैकी पुष्कळशा ६३५१ या क्रमांकाच्या मिश्रधातूच्या आहेत. सतत भरलेल्या अवस्थेत राहिल्याने त्यांच्या मानेच्या आट्यांपाशी बारीक भेगा पडतात, आणि अशी टाकी भरताना फुटून माणसे जायबंदी झाल्याची उदाहरणे आहेत. लक्सफर या मोठ्या कारखान्याने १९८८ साली तो धातू सोडून ६०६१ हा धातू स्वीकारला. जुन्या धातूच्या टाक्यांना पंचवार्षिक चाचणीच्या वेळी विद्युत्प्रवाहाने मानेची आणखी एक परीक्षा द्यावी लागते, आणि तीत उत्तीर्ण झालेली टाकीसुद्धा अनेक दुकाने दारातूनच परत पाठवितात. माझे मत विचाराल तर १९९० पूर्वीची ॲल्युमिनियमची टाकी फुकट मिळाली तरी घेऊ नये. तसेच नव्या झगझगीत रंगाला भुलू नये. भट्टीत भाजून चढविलेल्या रंगाच्या उष्णतेने ॲल्युमिनियमचे बळ जाते, आणि ते गेल्याची कोणतीही खूण बाहेरून दिसत नाही.

भरण्याची रीत सोपी आहे, परंतु तिला घाई खपत नाही. भरण्याच्या नळीच्या एका टोकाची पकड, म्हणजे योक, टाकीच्या व्हॉल्व्हवर बसवून हाताने घट्ट करावा, दुसऱ्या टोकाचा जोड बाटलीच्या हवा भरण्याच्या तोंडावर, म्हणजे निपलवर, चढवावा, ब्लीड व्हॉल्व्ह बंद आहे हे पाहावे आणि मग टाकीचा व्हॉल्व्ह हलकेच, बारीकशी सुसकार ऐकू येईल इतकाच उघडावा. काटा झपाट्याने चढू दिला तर बाटली हाताला गरम लागते, आणि ती निवली की काटा पुन्हा खाली येतो. म्हणजे घाई करून हवा कमीच मिळते. भरून झाल्यावर टाकी बंद करून ब्लीड व्हॉल्व्हने नळीतला दाब सोडावा, आणि मगच जोड काढावा. निपलला घरातले यंत्राचे तेल किंवा ग्रीस लावू नये. दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेऊ शकते. हे काम थोरांनी करावे, मुलाने शेजारी उभे राहून पाहावे.

सौदा ठरविताना एवढीच अट घालावी की टाकी प्रथम डाइव्ह शॉपमध्ये नेऊ, चाचणी आणि तपासणीचा खर्च किमतीतून वजा करू, आणि दुकानाने ती पसंत केल्यावर पैसे देऊ. विकणारा प्रामाणिक असेल तर त्याची हरकत नसते. टाकी गाडीतून नेताना आडवी ठेवून पट्ट्याने बांधावी, आणि घरी वापरताना ती कधीही पार रिकामी करू नये, कारण थोडा दाब शिल्लक राहिला की बाहेरची दमट हवा आत शिरत नाही.