नोकरदार आईबाप आणि घरची शाळा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी चिटणीसांनी आम्हांस जो विषय नेमून दिला, तो ऐकून आपल्या संस्थेचे संस्थापक क्षणभर चकित झाले असते. त्या पिढीने दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली ती एवढ्याचसाठी की, पैशाअभावी ज्ञातीतील एकही मूल शाळेबाहेर राहू नये. आणि आज त्यांचीच पतवंडे विचारीत आहेत की, आम्ही उभयता नोकरी करतो, तरीही मुलाला शाळेतून काढून घरीच शिकविले तर साधेल काय? ह्या प्रश्नात कृतघ्नता आहे असे आम्हांस वाटत नाही. पूर्वजांनी शाळेचे दार उघडून दिले, म्हणूनच त्या दाराच्या आत काय चालते हे पारखण्याची योग्यता आपल्याला आली.

हा प्रश्न आमच्या स्वतःच्या घरी उभा राहिला होता, म्हणून बोलण्याचे धाडस करीत आहोत. आमचे चिरंजीव बँकेत आहेत आणि सूनबाई एका रोगनिदान प्रयोगशाळेत. दोघेही सकाळी साडेसातला घर सोडतात आणि लोकलच्या गर्दीतून रात्री आठच्या सुमारास परततात. नातू तिसरीत असताना रोज सकाळी त्याच्या पोटात दुखू लागे. सुट्टी लागली की पोट दुखायचे थांबे. दोष कोणाचा, हे येथे उगाळीत बसत नाही. मूल वाळत चालले होते, एवढे खरे. एका रात्री जेवणानंतर चिरंजीवांनी विषय काढला, आणि आम्ही उत्साहाने म्हणालो, "अवश्य काढा. आम्ही दोघे घरी आहोतच की." ह्या एका वाक्याकडे आम्हांस पुढे परत यावयाचे आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्यानुसार झालेला २००९चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे. तथापि ते न पाळणाऱ्या पालकास दंडाची तरतूद नाही, आणि घरी शिकविण्यासंबंधी कायद्यात स्पष्ट शब्द नाहीत. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमान्वये शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयास अनुरूप अशा वर्गात प्रवेश मिळू शकतो. परीक्षेसाठी १९८९ साली स्थापन झालेली आणि आज राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ह्या नावाने चालणारी संस्था आहे; तिच्या दहावीच्या परीक्षेस वयाची चौदा वर्षे पुरी झाल्यावर बसता येते. आपल्या राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीस बसण्याची वाट तर आपणांस जुनीच परिचित आहे. तात्पर्य, घरी शिकलेल्या मुलाचे सर्व रस्ते बंद होतात ही भीती निराधार आहे.

आता तासांचा हिशेब करू. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षास २०० दिवस व ८०० तास अध्यापन सांगितले आहे; सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास. घरी वर्षातून ३०० दिवस अभ्यास घ्यावयाचे ठरविले, तर लहान मुलास रोज दोन तास चाळीस मिनिटे पुरतात. शाळेतील तास तीसचाळीस मुलांत वाटला जातो, घरचा तास एकट्या मुलाचा असतो. तेव्हा दोन तासही थोडे नव्हेत. सकाळी एक तास, रात्री एक तास, रविवारी थोडे अधिक! हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा आम्हांस मोठा आनंद झाला होता.

परंतु मूल वर्षाचे आठशे तास जगत नाही. दिवसाचे चौदा तास धरले तरी त्याचे जागेपणाचे तास पाच हजारांवर जातात. अध्यापन हा त्यांतील सहावा हिस्सादेखील नव्हे. उरलेल्या तासांत मूल कोठे असेल, कोणासोबत असेल, त्याच्या पानात कोण वाढील, त्याच्या बरोबरीचे कोण भेटेल? शाळा शिकविते तशी ती मुलाला सांभाळतेही. नोकरदार आईबाप पहिल्या कामाची तजवीज करू शकतात. दुसऱ्याची तजवीज झाली आहे असे ते बहुधा गृहीत धरतात.

इतिहासात ह्याचे दाखले आहेत. न्यायमूर्ती रानडे पुण्यास न्यायाधीशाच्या जागेवर असताना १८७३ साली त्यांचा विवाह झाला. रमाबाई तेव्हा अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्तींनी दिवसाचे काम आटोपून त्यांना रात्री शिकविले, आणि त्या अभ्यासातून केवढे कर्तृत्व उभे राहिले हे महाराष्ट्र जाणतो. पण रात्रीचा तास न्यायमूर्तींचा होता आणि दिवस घरातील इतर बायकांचा होता. शिकण्याबद्दल जे टोमणे त्या मुलीला दिवसभर सोसावे लागले, ते रमाबाईंनी स्वतःच १९१० सालच्या आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहेत.

दुसरे उदाहरण गांधीजींचे. १८९७ साली ते मुलांना घेऊन दरबानला उतरले, तेव्हा थोरला नऊ वर्षांचा होता आणि धाकटा पाच. गोऱ्यांच्या शाळेत मेहेरबानीने प्रवेश मिळाला असता. परंतु जे इतर हिंदी मुलांना मिळत नाही, ते आपल्या मुलांसाठी घ्यावयाचे नाही, म्हणून त्यांनी घरीच शिकविण्याचे ठरविले. पुढे जोहान्सबर्गला कचेरीत पायी जाताना ते मुलांना बरोबर घेत आणि वाटेत गोष्टींतून शिकवीत. मुलांना नियमितपणे रोज एक तास तरी अक्षरज्ञानासाठी देता आला असता, तर त्यांचे शिक्षण आपल्या मते आदर्श झाले असते, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. आणि थोरल्या मुलाने ह्याबद्दलचे आपले दुःख खासगीत तसेच वर्तमानपत्रातूनही बोलून दाखविले, हेही लपविलेले नाही. एवढ्या नेमाच्या पुरुषास जो तास सापडला नाही, तो आपणांस सहज सापडेल असे मानणे धाडसाचे आहे.

अलीकडे २०१६ साली मुंबईची घरी शिकलेली एक मुलगी दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय, संगणकविषयक ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विख्यात विद्यापीठात गेली. हे उदाहरण घरोघर सांगितले जाते. पण तिला शिकविण्यासाठी तिच्या आईने नोकरी सोडली होती, हा भाग सांगताना बहुधा गळतो.

आता आमच्या वर्षाची हकीकत. पहिले सहा महिने दृष्ट लागण्याजोगे गेले. पोटदुखी आठ दिवसांत थांबली. सकाळी सहा ते सात गणित वडिलांकडे, रात्री साडेआठनंतर भाषा व विज्ञान आईकडे. दुपारी आजीने पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ करून घेतली. मापट्याने तांदूळ मोजताना अपूर्णांक आपोआप समजले. विजेचे बिल वाचता वाचता गुणाकार पक्का झाला. आम्ही भेटेल त्याला ही कौतुके ऐकवीत होतो.

मग मार्च महिना आला. बँकेची वर्षअखेर, चिरंजीव रात्री अकराच्या आत घरी येत ना, आणि सकाळी त्यांना जाग येईना. सूनबाईंच्या पाळ्या बदलल्या. एका रात्री त्या घरी आल्या तेव्हा मूल वही उशाशी घेऊन झोपी गेले होते. त्यांनी त्याला उठविले नाही. स्वयंपाकघरात जाऊन एकट्या बसून राहिल्या. तासाला खाडे पडू लागले. संध्याकाळी शाळेची बस इमारतीशी थांबे, तेव्हा नातू गॅलरीत येऊन उभा राही आणि उतरणाऱ्या मुलांची दप्तरे पाहत असे. खेळायला त्याला घेत. पण वर्गातल्या गोष्टी निघाल्या की त्याच्याजवळ बोलावयास काही नसे.

आणि एके दिवशी आमच्या सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "घरी आहोतच असे तुम्ही म्हणालात. मला कधी विचारलेत?" त्यांचे गुडघे दुखत होते. दुपारची विश्रांती बंद झाली होती. वीस वर्षांचे भजनीमंडळ सुटले होते. नातवावर त्यांचा जीव आमच्याहून अधिक. तक्रार नातवाविषयी नव्हतीच. घरच्या शाळेचे वेळापत्रक आम्ही तिघांनी आखले आणि शाळेचा सारा दिवस जिच्या अंगावर पडला, तिचे नाव त्यात कोठेच नव्हते. ह्या चुकीचे धनी आम्ही आहोत, आणि ते ह्या सभेत सांगणे आमचे कर्तव्य समजतो.

वर्षअखेरीस सर्वांनी एकत्र बसून विचार केला. जूनमध्ये नातवाला जवळच्या एका लहान मराठी शाळेत त्याच्या वयाच्या वर्गात घातले. तेथे तो रमला. मात्र सकाळचा तास आम्ही सोडला नाही. तो आजही चालू आहे. ते वर्ष फुकट गेले असे आम्ही म्हणत नाही. मुलाचे मन त्या वर्षाने सावरले, आणि बापाला आपला मुलगा काय विचार करतो हे प्रथमच कळले.

ज्या दांपत्यांच्या मनात हा विचार घोळत असेल, त्यांनी चार गोष्टींची उत्तरे आधी कागदावर लिहावीत. आपला तास कोणता, आणि कामाच्या कठीण महिन्यात तो कोण पाळणार? दिवसभर मुलापाशी कोण असणार, आणि त्या व्यक्तीने स्वतःच्या तोंडाने होकार दिला आहे काय? मुलाच्या वयाचे सोबती रोज कोठे भेटणार? आणि वर्षाने हिशेब चुकला असे दिसल्यास तो मागे फिरविण्याचा मोकळेपणा आपल्यात आहे काय? चारही उत्तरे स्पष्ट असतील, तर नोकरी करूनही घरची शाळा चालेल. आमचा तिला आशीर्वाद आहे. दुसऱ्या प्रश्नावर जीभ अडखळली, तर शाळा बदलावी, पण शाळा सोडू नये. आणि घरचा एक तास मात्र आजपासूनच सुरू करावा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

शेवटी कार्यकारी मंडळास एक विनंती. आपले हे सभागृह लग्नसराई सोडली तर दुपारी रिकामेच असते, आणि वाचनालयाची कपाटे कुलूपबंद. आठवड्यातून तीन दुपारी ती उघडली, निवृत्त शिक्षकांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांनी तेथे बसावयाचे ठरविले, तर घरी शिकणाऱ्या मुलांना सोबत मिळेल, शाळेतून येणाऱ्यांना आसरा मिळेल, आणि कित्येक आज्यांना आपली दुपार परत मिळेल. संस्थापकांनी त्या काळची गरज ओळखून वर्गणी मागितली; आम्ही केवळ किल्ली मागत आहोत.