गिऱ्हाईक



१९०१ साली सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर काही मुलं उतरली. गोरेगावला वडिलांकडे निघालेली, अंगावर नीटनेटके कपडे, जवळ भाड्याचे पैसे. पण मुलं महारांची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण कबूल झाला. भाडं दुप्पट, आणि गाडी मुलांनीच हाकायची. तो स्वतः बाजूने पायी चालला. त्या मुलांत भीमराव आंबेडकर होते.

मला या प्रसंगातला व्यवहार फार अस्वस्थ करतो. गाडीवान काही श्रीमंत नसणार, तरी हातात येणारं रोख भाडं त्यांनी नाकारलं. मग अशाच लोकांसमोर अस्पृश्य वस्तीतल्या कुणी दुकान मांडलं असतं तर?

चांभाराने शिवलेली चप्पल गावाच्या पायात होती, मांगाने वळलेला कासरा बैलाला होता. मोबदला मात्र बलुत्याच्या धान्याचा. भाव करायचा हक्क कारागिराला नव्हता. आणि त्याच हातचं पोटात जाणारं काही विकायचं म्हटलं, की वाटच बंद.

यातून बाहेर पडलेलेही आहेत. तासगाव तालुक्यातल्या पेडचे अशोक खाडे चांभाराच्या घरात जन्मले. माझगाव डॉकमध्ये नोकरी केली आणि पुढे समुद्रातल्या तेलक्षेत्रांची पोलादी कामं करणारी 'दास ऑफशोअर' उभी केली. केवढं कर्तृत्व! पण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे तेलकंपन्या. गावातल्या चहाच्या टपरीचं गिऱ्हाईक पारावर बसलेलं असतं, आणि टपरीवाल्याचं आडनाव त्याला तोंडपाठ असतं. म्हणून मला टपरी जास्त अवघड वाटते. कर्ज काढून शिलाई मशीन घेता येतं, शेळ्या घेता येतात. खानावळ काढताना मात्र दलित वस्तीतली बाई दहादा विचार करते, आणि तिचं चुकत नाही.

शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी ही गिऱ्हाइकाची अडचण फार पूर्वीच ओळखली होती. गंगाराम कांबळे संस्थानच्या पागेत नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांनी मार खाल्ला होता. महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक हॉटेल' सुरू झालं. जागा होती, भांडवल होतं, चहा तयार होता. माणसं येईनात. तेव्हा महाराजांनी दारात गाडी थांबवली, गंगारामांकडून चहा मागवला आणि सगळ्यांच्या देखत घेतला. बरोबरच्या मानकऱ्यांनाही तोच चहा घ्यावा लागला.